कितीबाई आणि हलकी गोणी

तिचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. साडेचारला उठलं तर आईची झोप मोडायची आणि पाचला उठलं तर आमची वखार गाठता यायची नाही. पावणेपाचला उठून, आईसाठी पाणी तापवून, दोघींचा स्वयंपाक उरकून ती सहाच्या आत फाटकाशी उभी असायची. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी. दहा मिनिटं उशीर झाला तर पहिलं गिऱ्हाईक आलेलं असायचं, आणि गिऱ्हाईकासमोर मालक जो भाव सांगायचा त्यात घासाघीस आधीच धरलेली असायची. तो भाव तिला चालत नसे. तिला पाटीवर खडूने लिहिलेला, अजून कुणी हात न लावलेला भाव हवा असे.

मी त्या वखारीत हमाल होतो. दगडी कोळशाच्या गोण्या पाठीवर घालून लोकांच्या घरी पोचवायच्या, हे काम मी तिथे वीस वर्षं केलं. तिचं काम मला जवळून पाहायला मिळालं. एकदा त्या कामात माझं गप्प बसणंही मिसळलं, म्हणून हे लिहितो आहे.

ती भाव नोंदणारी होती. सरकारी कचेरीच्या वतीने सतरा दुकानं आणि नऊ घरं तिच्याकडे होती. दुकानांतून कोळसा, रॉकेल, गॅसची टाकी, जळाऊ लाकूड. घरांतून विजेची बिलं. चूल पेटायला, दिवा लागायला आणि खोली ऊबदार राहायला माणसाला जे जे विकत घ्यावं लागतं, त्याचा दर महिन्याचा भाव. हे कागद वर जायचे, तिथे कुणीतरी बेरजा-वजाबाक्या करून महागाईचा निर्देशांक काढायचं, आणि त्या आकड्यावरून गिरण्यांतल्या आणि कचेऱ्यांतल्या माणसांचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी ठरायचा. तिचा स्वतःचा भाऊ सूतगिरणीत होता. त्याचाही.

दुकानात शिरताना ती आधी पेन्सिल काढायची आणि मग विचारायची, "किती?" नमस्कार नंतर. आम्ही हमाल तिला कितीबाई म्हणायचो. तोंडावर ताई.

हे काम हलकं नाही. लोकांना वाटतं, विचारायचं आणि लिहायचं, त्यात काय. दिवसाला आठ-नऊ ठिकाणं, दार बंद सापडलं की पुन्हा खेप, प्रत्येक ठिकाणी उभं राहायचं, दुकानदाराला वेळ मिळेपर्यंत. उभं राहणं हेही काम आहे, पाठीला विचारा. ती चहासुद्धा उभ्याने प्यायची. एका घरची बाई तर तिला दारातच म्हणायची, "तुम्ही येऊन गेलात की दर वाढतो. एखादा महिना चुकवून बघा ना."

"मी चुकवला तर वाढायचा राहणार नाही. तुम्हालाच कळायचा राहील," असं म्हणून ती बिल मागायची. बिल सापडत नसेल तर स्वतः पलंगाखाली वाकून शोधायची.

ज्या महिन्याबद्दल मी सांगतो आहे, तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. अकरा वर्षं कंत्राटावर काढलेली. कंत्राट अकरा महिन्यांचं, बारावा महिना बिनपगारी, मग पुन्हा नवं कंत्राट. त्या वर्षी पहिल्यांदा कायम करायच्या यादीत तिचं नाव आलं होतं. नावं सात, जागा चार. तिच्या कचेरीतल्या साहेबांनी प्रत्येकाच्या कागदावर 'कामात चूक आढळली' किंवा 'आढळली नाही' यांपैकी एकावर खूण करून महिनाअखेर सही करायची, की कागद वर जाणार. कायम झाली तर बारावा महिना पगारी, आजारपणाची रजा, आणि निवृत्तीला वर्षांच्या हिशेबाने रक्कम. नाही झाली तर पुढची यादी कधी निघेल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

यादीत नाव आल्यापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. पाटी वाचून झाली तरी ती फाटकापर्यंत जाऊन परत यायची आणि पुन्हा वाचायची.

"ताई, खडू तोच आहे, आकडाही तोच आहे," मी म्हणायचो.

"बघते नुसतं."

आकडा खरंच तोच होता. एक गोणी तीनशे साठ. तिच्या छापील कागदावर एक रकाना होता, 'बदल नाही' असा. तिथे ती बरोबरची खूण करायची. चौदा महिने ती खूण करत होती.

त्या बुधवारी भाव लिहून झाल्यावर तिने घरासाठी एक गोणी सांगितली. थंडी पडली होती आणि आईची छाती भरत होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी गोणी घेऊन निघालो. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, पायऱ्या उंच, कठडा एकाच बाजूला. मी वर पोचलो, दाराआड गोणी उतरवली आणि खाली बसलो. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"दादा, दुसऱ्या मजल्यावर थांबला नाहीत."

"गरज नाही पडली."

"मागच्या खेपेला थांबला होतात. भिंतीला टेकून शंभरपर्यंत मोजत होतात, मी वरून ऐकत होते." मागची खेप म्हणजे दोन वर्षांपूर्वीची, मधल्या थंडीत तिने भावाकडची अर्धी गोणी वाटून घेतली होती. "वय उलटं चाललंय का तुमचं?"

मी घाम पुसत होतो. थट्टेच्या भरात बोलून गेलो, "माझं कसलं? गोणीच म्हातारी झाली. हाडं राहिलीत, अंग गेलंय."

आतून आई हसली. ती हसली नाही.

"अंग गेलंय म्हणजे?"

तेव्हा मला कळलं की मी काय बोललो. पण शब्द बाहेर पडला होता, आणि तिच्या हातात तेवढ्यात पेन्सिल आलेली मी पाहिली.

"हलकी झालीय जरा."

"किती?"

"तीन-चार किलो असेल."

"तीन की चार?"

"चार," मी म्हणालो. रोज तीस गोण्या वाहणाऱ्या पाठीला तीन आणि चार यांतला फरक कळतो. खोटं बोलायचं तर आधीच बोलायला हवं होतं.

"कधीपासून?"

"नवं बारदान आलं ना, निळ्या पट्टीचं, तेव्हापासून. ते चार बोटं आखूड आहे. गळ्यापर्यंत भरलं तरी चाळीस मावत नाहीत."

ती गोणीपाशी गेली, एका हाताने ती उचलायचा प्रयत्न केला, सोडून दिला. मग म्हणाली, "उचला. खाली भंगारवाल्याकडे काटा आहे."

"ताई, आत्ताच चढवलीय."

"हमाली दोनदा देते. उचला."

तीन मजले खाली. भंगारवाला दुकान बंद करायच्या बेतात होता. तिने वजन करायचं आहे म्हटल्यावर त्याने विचारलं, "घ्यायच्या काट्यावर की द्यायच्या?"

"दोन आहेत?"

"लोकांकडून घेतो तो वेगळा. कारखान्याला देतो तो वेगळा."

"खरा कुठला?"

"कारखान्याला देतो तो. ते लोक स्वतःचा काटा घेऊन बसलेले असतात, तिथे लबाडी चालत नाही."

आम्ही गोणी त्या काट्यावर ठेवली. बारदान वजा जाता छत्तीस. तिने खाली उतरवायला लावली, पुन्हा ठेवायला लावली. छत्तीस. भंगारवाला म्हणाला, "बाई, ती आता वाढायची नाही." तिने तिसऱ्यांदा ठेवायला लावली.

परत वर चढवताना मी दुसऱ्या मजल्यावर थांबलो. छत्तीस किलोसुद्धा दुसऱ्या खेपेला चाळीस होतात.

तिने ट्रंकेतून कागदांच्या नकला काढल्या. दर महिन्याची नक्कल ती ठेवायची, कचेरीने सांगितलं नव्हतं तरी. चौदा महिने मागे जाऊन तिने एक कागद काढला आणि दिव्याखाली धरला. शेऱ्याच्या जागी तिच्याच बारीक अक्षरात होतं: 'बारदान नवीन, निळी पट्टी. बदल नाही.'

पट्टी तिने पाहिली होती. रंगसुद्धा लिहिला होता. छापील कागदावर 'एक गोणी, चाळीस किलो' असं होतं, आणि ती दर महिन्याला मालकाला विचारत होती, "गोणी किती?" अकरा वर्षांत चाळीस किलोची गोणी चाळीसच किलोची असायची, त्यामुळे वजन विचारायची सवयच नव्हती. तीनशे साठला चाळीस किलो म्हणजे किलोला नऊ. तीनशे साठला छत्तीस म्हणजे किलोला दहा. पाटीवरचा खडूचा आकडा हलला नव्हता आणि कोळसा नवातला एक हिस्सा महाग झाला होता.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"पहिल्या आठवड्यापासून."

"बोलला नाहीत."

"हमाली गोणीवर मिळते, ताई. किलोवर नाही. चार किलो कमी आणि पैसे तेवढेच. मी कशाला बोलू?"

हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती पुन्हा सहाला हजर. आज तिचा दिवस नव्हता, त्यामुळे मालक बुचकळ्यात पडला.

"मालक, गोणीत किती किलो भरता?"

"बाई, तुम्ही गोणीचा भाव विचारत होतात. मी गोणीचा सांगत होतो. किलोचा कधी विचारलात?"

"माझ्या कागदावर चाळीस आहे."

"कागद तुमचा आहे. गोणी माझी आहे." मग जरा मऊ होऊन तो म्हणाला, "अहो, खाणीचा दर वाढला. मी पाटीवर चारशे लिहिलं असतं तर गिऱ्हाईकांनी फाटकात गोंधळ घातला असता. आता कुणी ओरडतंय का? सगळ्या वखारी हेच करतात. बारदानवाला एकच आहे आमचा."

त्याने सगळ्या वखारी म्हटल्यावर ती तिथे थांबलीच नाही. तिच्याकडच्या दुकानांत आणखी दोन वखारी होत्या. भंगारवाल्याकडून हुकाचा काटा मागून घेऊन, दुपारच्या सुट्टीत मला बरोबर घेऊन ती दोन्हीकडे गेली. एकीकडे छत्तीस, दुसरीकडे साडेछत्तीस. दोन्हीकडे निळी पट्टी. चालताना ती माझ्या पुढे असायची आणि कोपऱ्यावर माझ्यासाठी थांबायचीसुद्धा नाही. रिकाम्या अंगाने मला तिच्याबरोबर चालणं जमत नव्हतं, इतकी ती घाईत होती. कुठे जायची घाई, ते मला कळत नव्हतं. जे व्हायचं ते तर चौदा महिन्यांपूर्वीच झालं होतं.

संध्याकाळी मी राहिलेली हमाली घ्यायला तिच्याकडे गेलो तेव्हा भाऊ आलेला होता. गिरणीतून थेट, कपड्यांवर सूत. आई खाटेवर, भाऊ खुर्चीत, ती उभी. चूल ते खिडकी, खिडकी ते चूल.

"बस तरी," भाऊ म्हणाला. "तुझ्याकडे बघून मला चक्कर येते."

"बसून काय होणार?"

"उभं राहून काय होतंय? मी साधं विचारतो. आज काय तारीख? बारा. तुझ्या साहेबाची सही तीसला. अठरा दिवस तोंड बंद ठेव. तीसला सही होऊ दे, एकतीसला जा आणि हवं ते सांग. कायम झालेल्या माणसाला कुणी काढत नाही."

"वीस तारखेला या महिन्याचा आकडा बंद होतो. याच आकड्यावर पुढच्या तीन महिन्यांचा भत्ता ठरतो."

"कुणाचा?"

"तुझा."

भाऊ हसला. "माझ्या भत्त्यात किती पडतील? दहा? पंधरा? मला नकोत ते. मी लिहून देतो, नकोत. तुझी नोकरी त्यात घालू नको."

"तुझ्या एकट्याचा असता तर तुझं ऐकलं असतं."

"मग गिरणीतल्या बाकीच्यांना विचारून येऊ? तेही हेच म्हणतील."

"म्हणू देत. त्यांना विचारून मी आकडे लिहीत नाही."

आई खाटेवरून म्हणाली, "हिला लहानपणी तेल आणायला धाडलं की दुकानदार माप दोनदा भरायचा. घाबरून. आणि आता एवढी मोठी होऊन गोणीला फसली."

"आई, तू तिला चढवू नको," भाऊ म्हणाला.

"मी कुठे चढवते? ती कधी उतरली होती का?"

भाऊ माझ्याकडे वळला. "तुम्ही तरी सांगा. तुमच्या तोंडून निघालं म्हणून हे सगळं."

मी सांगितलं. ताई, थांबा, एवढे दिवस गेले, आणखी थोडे जाऊ देत. ती खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभी होती. तिने मला हमाली दिली, दोनदा, ठरल्याप्रमाणे, आणि म्हणाली, "उद्या अर्धा दिवस सुट्टी काढता येईल? साक्षीदार लागेल."

रात्रभर बसून तिने चौदा दुरुस्तीचे कागद लिहिले असावेत, कारण शुक्रवारी ते तिच्या पिशवीत होते. प्रत्येकावर जुना आकडा, नवा आकडा, कारण, सही. कारणाच्या जागी तिने 'वखारवाल्याने वजन घटवले' असं लिहिलं नव्हतं. 'वजन विचारण्याचे माझ्याकडून राहिले' असं लिहिलं होतं. चौदाही कागदांवर. पहिल्या कागदावर वजन कसं कळलं तेही होतं, आणि त्याखाली माझी सही. वखारीतलं माझं काम त्यानंतर दोन महिन्यांनी सुटलं आणि मला बाजारात धान्याच्या गाड्या भरायला जावं लागलं, पण ते माझं मी पाहून घेतलं.

साहेबांच्या खोलीत मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो. ती टेबलासमोर उभी. साहेबांनी पहिले दोन कागद वाचले, बाकीचे नुसते मोजले.

"हे कोण?"

"वखारीतले हमाल. वजन त्यांना आधी कळलं."

"कशावरून?"

"पाठीवरून."

"आणि काटा कुठला?"

"भंगारवाल्याचा."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, भंगारवाल्याचा काटा आणि हमालाची पाठ. हे मी वर पाठवू?"

"वर पाठवायच्या आधी खाली माणूस पाठवा, साहेब. सरकारी काटा देऊन. तिन्ही वखारी दाखवते."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी उठून दार लोटलं. मला बाहेर काढलं नाही, एवढंच.

"यादीत तुमचं नाव मी घातलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "सहा वर्षं मागे लागून. हे कागद आज घेतले तर तीसला मी कुठल्या रकान्यात खूण करू? दोनच रकाने आहेत. एकतीसला या. मी स्वतः दुरुस्ती लावून घेतो."

"वीसला आकडा बंद होतो."

"पुढच्या महिन्यात पुन्हा उघडतो."

"भत्ता तीन महिन्यांसाठी ठरून जाईल."

"कोळशाचा वाटा केवढा? फरक पडला तर दशांश चिन्हाच्या पुढे पडेल."

"अकरा वर्षं मी दशांश चिन्हाच्या पुढचंच काम करतेय, साहेब."

साहेबांनी कागद उचलून तिच्या हातात परत दिले. "आज तुम्ही मला भेटला नाहीत. मी तुम्हाला पाहिलं नाही. जा आता."

बाहेर लांब व्हरांडा होता. एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला आवक-जावकची खिडकी. त्या खिडकीत कागद दिला आणि त्यावर शिक्का बसून क्रमांक पडला की तो कागद आलाच नाही असं साहेबालाही म्हणता येत नाही. खिडकी साडेचारला बंद व्हायची. तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

ती जिन्यापर्यंत गेली. दोन पायऱ्या उतरली. परत आली. पाणी प्यायली. खिडकीजवळ गेली, आतल्या कारकुनाने हात पुढे केला, तशी ती मागे फिरली. पुन्हा जिना. मी बाकावर बसून मोजत होतो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्या व्हरांड्यात तिने अकरा फेऱ्या घातल्या. बाराव्या फेरीला मी उठून तिला आडवा गेलो.

"ताई, घरी चला. अठरा दिवसांनी मी पुन्हा येतो तुमच्याबरोबर. कोळसा काही पळून जात नाही."

ती थांबली. रागावली नाही. भाव लिहून घेताना बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "तुम्ही चौदा महिने थांबलात, दादा. त्यात तुमचा फायदा होता म्हणून. मी अठरा दिवस थांबले तर ते कशासाठी?"

मी तिच्या वाटेतून बाजूला झालो.

कारकून खिडकीतून म्हणाला, "बाई, मी बंद करतोय. द्यायचं आहे की फिरायला आलाय?"

तिने कागद दिले. कारकुनाने न वाचता चौदा शिक्के मारले. प्रत्येक शिक्क्याला ती ओठ हलवून मोजत होती. पोच हातात आल्यावर ती बाकावर बसली. कामाच्या दिवसात मी तिला बसलेली पाहिली ती तेवढीच. पाच मिनिटं बसली, मग उठून म्हणाली, "रॉकेलची दोन दुकानं राहिलीत," आणि गेली.

पुढे काय झालं ते सरळ आहे. सोमवारी सरकारी काटा आला. तिन्ही वखारींत गोण्या तोलल्या, छत्तीस-साडेछत्तीसच भरल्या. वीस तारखेला नवा आकडा गेला. छापून गेलेला आकडा मागे जाऊन बदलायचा नाही असा नियम असल्यामुळे मागचे चौदा महिने होते तसेच राहिले. चौदा महिन्यांत ज्यांचं जे गेलं ते गेलं. पुढच्या तीन महिन्यांच्या भत्त्यात मात्र कोळसा धरला गेला. भावाच्या पगारात महिन्याला चौदा वाढले. त्याने पगाराची चिठ्ठी आणून आईला वाचून दाखवली आणि बहिणीशी दोन आठवडे बोलला नाही. गिरणीतल्या बाकीच्यांना ते चौदा कुठून आले, हे कधी कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

तीस तारखेला साहेबांनी 'चूक आढळली' या रकान्यात खूण केली. शेजारी समासात लिहिलं, 'स्वतः होऊन निदर्शनास आणली.' ते तिने स्वतः पाहिलं. वरच्या कचेरीत समास वाचत नाहीत. चार जागा भरल्या, त्यात ती नव्हती.

कंत्राट मात्र चालू राहिलं. सतरा दुकानं आणि नऊ घरं पायी फिरायला दुसरं कुणी तयार नव्हतं. छापील कागदावर 'प्रत्यक्ष वजन' असा नवा रकाना आला आणि पाच जणांत मिळून एक काटा मिळाला. तो बहुतेक तिच्याकडेच असायचा. आता ती आधी काटा काढायची, मग पेन्सिल, मग "किती?" दुकानदार तिला पाहून कपाळाला आठ्या घालायचे. बाजारात माझी तिची गाठ पडायची तेव्हा ती मला विचारायची, "दादा, धान्याच्या पोत्याचं काय?" मी खरं ते सांगायचो. पुढे आम्ही दोघंही एकाच चाळीत शेजारी राहायला आलो, तेव्हा ती मला विजेच्या बिलातले आकार समजावून सांगायची. मला त्यातले निम्मे अजून कळत नाहीत.

पुढची यादी सहा वर्षांनी निघाली. ती सत्तेचाळीसची असताना कायम झाली. अठ्ठावन्नला निवृत्त झाली. कायम नोकरीची वर्षं अकरा भरली. त्या वर्षी झाली असती तर सतरा भरली असती. निवृत्तीची रक्कम या वर्षांवर मिळते. आई तोवर गेली होती. भावाची मुलं कामाला लागली होती. तिला कुणाला काही द्यायचं नव्हतं, त्यामुळे सगळी रक्कम तिची होती.

निवृत्तीनंतर एका वर्षात तिला उठता-बसता येईना. मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी फोटो काढले आणि आम्हाला उजेडात धरून दाखवले. दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजून हाडाला हाड लागलं होतं. "काय काम करत होता?" त्यांनी विचारलं. भाव लिहायचे, असं ती म्हणाली. डॉक्टरांना वाटलं, टेबलावर बसून. त्यांनी पुन्हा फोटो पाहिले.

दोन्ही गुडघे बदलायला हवेत, असं ते म्हणाले. खर्च ऐकून ती घरी आली, बँकेचं पुस्तक काढलं आणि मला वाचायला दिलं, कारण तिचा चष्मा सापडत नव्हता. मी दोनदा वाचलं. तिने तोंडी भागाकार केला.

पैसे एका गुडघ्याला पुरत होते.

भाऊ म्हणाला, दुसऱ्याचे मी बघतो. ती म्हणाली, तू तुझं बघ. डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठला करायचा. दोन्ही सारखेच गेलेत, तुम्ही सांगाल तो करू. तिने विचार केला आणि म्हणाली, "उजवा. बसमध्ये चढताना तो आधी टाकावा लागतो."

उजवा झाला. सहा आठवड्यांनी ती काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. डावा अजून जुनाच आहे.